माशांना पंखा

तुमी हसा, पण दुष्काळात माशांना वारा घालणारा लातुरात मी एकटाच आसंन. नात सुट्टीत नांदेडला आजोळी गेली अन् काचेच्या टाकीतले मासे माझ्या गळ्यात घालून गेली. वर दम दिला, "आजोबा, एक बी मेला तर तुमच्याशी बोलणार न्हाई."

उन्हानं टाकीतलं पाणी लई तापलं. मासे वर येऊन तोंड वासून राहिले. मी भंगारातून कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे आणले, जुन्या चार्जरला जोडले अन् टाकीच्या काठाला तारेनं बांधले. पाणी गार पडलं, मासे खाली जाऊन खेळाया लागले.

बायको म्हणली, "माशांना पंखा, अन् मी पदरानं वारा घेऊन राहिले!"

पण त्या वाऱ्यानं पाणी उडून जायचं. रोज टाकी बोटभर खाली. टँकर यायचा आठ दिवसाला. मी हंड्याला हात लावला की ही वरडायची, "माणसाला प्यायला न्हाई अन् माशांचे लाड! खबरदार!"

तरी सकाळी पाहावं तर टाकी भरलेली. मी काई विचारलं न्हाई. आयतं भरून राहिलंय तर तोंड कशाला उघडा?

नात आली ती पळतच टाकीकडं गेली. सगळे मासे जित्ते! माझा जीव भांड्यात पडला. मग ती आजीच्या गळ्यात पडली अन् नाक दाबून मागं सरली.

"आजी, कसला वास येऊन राहिलाय गं?"

"येईल न्हाई तर काय! माझी आंघोळ तुझ्या माशांनी पिली."