सोमीचा भोंगा

कमळाकर : काय गिळलं तिनं? बटण? नाणं? आधी तेवढं सांगा!

धोंडूबाई : गिळलंय कुनी? जावईबापू, दम तरी घ्या. घामानं निथळताय पार.

कमळाकर : नवशा टेंपोवाला कारखान्याच्या फाटकावर येऊन ओरडला, ‘सोमीचं अडकलंय, लवकर चला!’ अर्धी पाळी टाकून साजगावहून धावत आलोय मी, मामी. काय अडकलंय माझ्या मुलीच्या घशात?

जयवंता : घशात नाय हो. शी अडकलीय. हितं माहेरी आल्याला तीन दिवस झाले, तवापास्नं.

कमळाकर : शी? जयवंता, फाटकावर शंभर माणसं उभी होती.

धोंडूबाई : मी काय करायचं ठेवलं नाय बगा. एरंडेल दिलं, गुळाचं पानी दिलं, पोट शेकलं. परसात दोन विटा मांडून बसवली. माज्या पायावर बसवली. अडीच वर्साची घोडी ती, पायाला मुंग्या आल्या माज्या. आन ती म्हनते, ‘वाजू दे.’ काय वाजू दे, ते तुमची बायको सांगंना.

जयवंता : सांगते. पन तुमी रागवायचं नाय.

कमळाकर : मी रागावत नाही. मुद्दा सांग.

जयवंता : तुमी कामावर गेलात की सातचा भोंगा होतो ना, तवाच मी सोमीला भांड्यावर बसवायची. पयल्या दिवशी भोंगा झाला, ती दचकली, आन झालं. दुसऱ्या दिवशी पन तसंच. मी म्हटलं, बरं झालं, चड्ड्या धुवायच्या वाचल्या. आनंदीबाईचा नागू चार वर्सांचा होऊन उंबऱ्यात करतो, आन आपली सोमी घड्याळावानी! चाळभर सांगत फिरले मी.

कमळाकर : म्हणजे भोंगा झाल्याशिवाय...

जयवंता : नाय होत.

कमळाकर : आणि रविवारी? रविवारी कारखाना बंद असतो.

जयवंता : रविवारी नाय करत. सोमवारी दोन दिवसांची करते.

कमळाकर : साप्ताहिक सुट्टी घेते?

धोंडूबाई : मला वाटलं नात हाय. ही तर कामगार निघाली. आता आमच्या गावात कुठला आलाय भोंगा? काल कर्जतला नेली, इंजिनाची शिट्टी ऐकवली. पोरीनं गाडीला हात हलवला न् केळं मागितलं.

कमळाकर : डॉक्टरकडं नेऊ या.

धोंडूबाई : डॉक्टर पाचाला बसतो. तवर पोरीचं पोट बगा, ढोलकी झालीय.

जयवंता : तवर एकदा... तुमी वाजवा.

कमळाकर : काय वाजवू?

जयवंता : भोंगा. तोंडानं. मी केला तर म्हनते, ‘आई, मांजर आलं.’

कमळाकर : मी युनियनचा चिटणीस आहे, जयवंता. त्या भोंग्याविरुद्ध दोन निवेदनं दिलीत मी.

धोंडूबाई : ती वाचून दाखवू का पोरीला?

कमळाकर : कुंपणापाशी बायका जमल्यात, मामी.

धोंडूबाई : येसूबाई हाय, आपलीच. बाकीच्या तिच्यासंगं आल्यात.

कमळाकर : बरं. ऊऽऽ.

जयवंता : आई, काय म्हनली गं ती?

धोंडूबाई : म्हनते, बाबा रडतो.

जयवंता : अवो, पोटातनं काढा! आदी बारीक, मग चढतो, मग वरच लांबतो...

कमळाकर : मला नको सांगूस. नऊ वर्षं ऐकतोय मी. हा चष्मा धर. सरका सगळे.

(भोंगा. मग गावातली सगळी कुत्री.)

धोंडूबाई : अगं बया बया!

जयवंता : गप. बसलीय. तोंड लाल झालंय तिचं.

कमळाकर : सोमी? झालं का गं?

धोंडूबाई : इचारू नका, मोडंल तिचं! थांबा... थांबा... झालं! झालं गं माज्या बायचं! आन केवढं झालं! येसूबाई, आत यून बग!

कमळाकर : बघायला नका बोलावू कुणाला.

जयवंता : अवो, शेजारचा दामू बादली घिऊन पळत आलाय. इचारतो, आग कुठं लागली?

धोंडूबाई : त्याला म्हन, बादली हितं ठिव. पानी लागनारच हाय.

कमळाकर : माझा घसा गेला.

धोंडूबाई : गुळाचं पानी उरलंय, घ्या. पन उद्या कसं? तुमी तर जानार. मलाच शिकवा. हूंऽऽऽ! आलं का?

कमळाकर : मामी, तुमचा मान राखून सांगतो. ही म्हैस झाली.

धोंडूबाई : आन मोठी झाल्यावर काय? लग्नात नवरीसंगं भोंगा पन द्यायचा का?

जयवंता : सोडवू की सवय. रोज आवाज जरा बारीक करायचा. आज एवढा, उद्या त्याच्याहून कमी.

कमळाकर : बरोबर. आठ-दहा दिवसांनी नुसतं ‘सोमी, चल’ म्हटलं, की पुरे.

जयवंता : पन तवर आवाज तुमचाच लागंल. दुसऱ्या कुनाचा नाय चालायचा तिला.

कमळाकर : मग राहतो की. रजा पडून आहे माझी.

धोंडूबाई : लग्नाला चार वर्सं झाली, एक रात नाय ऱ्हायलात हितं. आन कारखान्याचं वो?

कमळाकर : तिथं मी नसलो, तरी भोंगा होतो.