शेजारणींसाठी मांडलेला साल्सा

काय सांगू तुम्हाला! साताऱ्याहून सांगलीत आल्यावर कितीतरी महिने माझ्याशी बोलायला बिल्डिंगमध्ये कुणी नव्हतं. म्हणून शेजारणींना संध्याकाळी सातला घरी बोलावलं. टेबलभर चिप्स, टोमॅटोचा साल्सा, चीज, सगळं मांडलं. ज्याला हवं त्यानं वाढून घ्यायचं. सगळ्या आल्या, बघून हरखल्या, पण हात कुणीच लावेना.

शेवटी समोरच्या पाटीलकाकू म्हणाल्या, "अगं, लय छान मांडलंयस. पण आमी सगळ्या जैन. दिवस मावळल्यावर खात न्हाई. आणि ह्यात कांदा-लसूण हाय नव्हं?"

पाटील नावावरून मला काय कळणार? पाणी तरी घ्या म्हटलं, तर तेही चालत नव्हतं. थोड्या वेळात घर रिकामं. मी तिथंच बसून रडले.

तेवढ्यात नवरा आला. त्यानं एक चिप साल्स्यात बुडवून खाल्ली आणि म्हणाला, "मीठ विसरलीस."