शेपटाच्या म्होरं बैल पायजे

नाय गो शकू, रंगवायला नको घेऊ, आधी त्याचं शेपूट काढ. पायाला चिकटलंय ना, ते. खरवडून टाक. मला ठावं हाय, नंदीचं शेपूट असंच करतात, सुटं ठेवलं तर मोडतं — हमरापुरात मूर्तींचे सगळे कारखाने फिरून तुझ्याकडं आलो, सगळ्यांनी हेच सांगितलं. पन मला देवापुढं ठेवायचा नंदी नकोच हाय. मला बैल पायजे. मांडीवर मावंल एवढा, आनि शेपूट सुटं, मुठीत धरता येईल असं. हसतेस? हस. गनपतीच्या घाईत म्हातारा गागोद्यावरनं येतो नि बैलाचं शेपूट मागतो — मीबी हसलो असतो.

रंग कशाला? डोळ्यांनी बघायचाच नाय तो. आमची बायजा, माझी बायको गो, तिला दिसत नाय आता. तसं दिसत होतं तवाबी गोठ्यात ती दिवा कुठं न्यायची? पहाटचं नुसती शेपटं चाचपत जायची आनि एकेकाला नावानं हाक मारायची. कपिली गायचं शेपूट पार जमिनीला टेकलेलं, कायम शेनानं भरलेलं — धार काढताना असं फाडकन तोंडावर मारायची, की बायजा म्हनायची, ही माझी मागल्या जन्माची सासू. आनि माझी आय ओट्यावरनं ओरडायची, ऐकलं गो मी, ऐकलं! कुत्रा होता शिपाय नावाचा, झोपेतबी शेपूट हलवायचा, चुलीपुढची राख सगळी घरभर. आनि बोका — त्याचं अर्धं शेपूट दारात चेमटून गेलेलं, तरी उरलेलं असं उभं करून चालायचा, जसा काय गावचा पाटील. हसू येतं आठवलं की. आता गोठ्यात कोन नाय. पाखऱ्या बैल शेवटचा. गाडीच्या चाकात सापडून त्याच्या शेपटाचं टोक वाकडं झालेलं, डावीकडं, आकड्यासारखं. ते ध्यानात ठेव, डावीकडं.

बायजाचं काय? सांगतो. डोळे गेले तवा काय वाटलं नाय तिला. मग एकेक मानूस जायला लागलं — डोक्यातनं गो, घरातनं नाय. आधी सून गेली, मग लेक पुंडलिक, मग मी. मला म्हनते, "कोन तुमी? आमचे हे घरात नायत, सांजचे या." मी ओट्यावर जाऊन बसतो. काय करनार? घर तिचंबी हाय. जरा येळानं खोकून पुन्हा आत जातो. कधी कधी पानी देते मला — पावना समजून.

पन गोठ्यात नेली ना, पाखऱ्याचं शेपूट मुठीत दिलं, की त्या वाकड्या टोकापर्यंत हात जायचा तिचा आनि म्हनायची, "अवो, दमलात?" मलाच. नाव तिनं उभ्या जन्मात घेतलं नाय माझं, अवोच. तेवढं एक अवो ऐकायला रोज सांजचा हात धरून न्यायचा मी तिला.

शेपूट धरल्यावरच कसं आठवतं? आता मला काय कळतंय त्यातलं. एवढं ठावं हाय, आमचं लगीन झालं त्या सालची गोष्ट, शेतावरनं येताना नदीला पानी चढलेलं. माझ्या हाती रेड्याचा कासरा, मी म्होरं, आनि तिच्या मुठीत रेड्याचं शेपूट दिलं. म्हनलं, सोडू नको, मी म्होरं हाय. पोरसवदा बाय, पानी गळ्याला, डोळे गच्च मिटलेले — आनि पार होईतो एकच, "अवो, हाय ना म्होरं? अवो, हाय ना?" पल्याड आलो तरी सोडीना. रेडा वैतागला शेवटी.

पाखऱ्या गेला शिमग्याच्या आधी. म्हातारा झालेला, माझ्यासारखाच. पुरायच्या आधी त्याच्या शेपटाचा गोंडा कापून घेतला मी. हा बघ, फडक्यात हाय. धर, घाबरू नको, धुतलाय. हाच दिला तिच्या हातात. वास घेतला तिनं, ओळखला — तोंड कसं उजळलं गो तिचं — आनि दुसरा हात म्होरं नेला, पाठीवर ठेवायला. म्होरं काय नाय. असा हवेतच हात. चाचपते, चाचपते… रडली नाय. गोंडा माझ्या हातात दिला परत, म्हनली, "ठेवा तुमच्याकडं. आमचे हे आले की त्यांना द्या."

म्हनून म्हनतो, शेपटाच्या म्होरं बैल पायजे. मातीचा तर मातीचा.

काथ्या हाय ना तुझ्याकडं, मूर्तीच्या आत घालता तो? त्याचा पीळ घाल. त्याला माती नको, मोडायची भीतीच नाय मग. मुळाशी तेवढी माती भर, घट्ट, ती ओढून बघनार. हां, आता टोकाला गोंडा बांध. अजून वाकव. अजून जरासं… हां. पाखऱ्याचंच झालं गो. पाखऱ्याचंच.

काय म्हनतेस? नाय ओळखला तर?

पिशवीत वाल हायत, घरचे. काढून घे, सांजला बिरडं कर पोरांना. आनि ह्याला कागदात बांध, पन शेपूट भायर ठेव. ओलं हाय तर असू दे, मी खालनं हात धरून नेतो एस्टीतनं. तू नको येऊ नाक्यापर्यंत, तुझे गनपती खोळंबलेत.

सोड आता. सोड गो शकू. मी धरलंय.