फायरप्लेसची काळी दारं

पितळेच्या दारांचं ऐकलंस का गड्या? आमच्या महाबळेश्वरच्या घरात फायरप्लेसला पितळेची चकचकीत दारं. बायको म्हणाली, "जुनाट दिसतात, काळी करा." अख्खा रविवार घालवून मी काळा रंग दिला. झकास दिसायला लागली.

दिवाळीला रहिमतपूरहून सासूबाई आल्या. आम्ही बाजारातून परतलो, तर त्या फायरप्लेससमोर चिंच आणि तारेची घासणी घेऊन बसलेल्या. एक दार लखलखीत!

"आवं जावईबापू, सणासुदीला पितळ असं काळं ठेवत्यात व्हय? लय खरवडलं, तवा निघालं बगा!"

मी घाबरून बायकोकडं बघितलं. ती पुढं झाली, त्या लखलखीत दारात बघून टिकली सरळ केली, आणि चिंचेचा गोळा माझ्या हातात ठेवला.

"दुसरं तुम्ही घासा."