वाचली, पण बरी नाही

बहीण – ...हळू बोल, आई आत जागी आहे.

भाऊ – पण पडली कशी? परवा फोनवर तर तू म्हणालीस, भिंतीला धरून उभी राहते म्हणून.

बहीण – राहत होती. आज सकाळी चक्कर आली आणि बाथरूमच्या दारातच कोसळली. नशीब, कुठे मोडलं नाही. डॉक्टर येऊन गेले. ब्लडप्रेशर इतकं चढलेलं की त्यांनी यंत्र बदलून पुन्हा बघितलं. मला विचारतात, गोळ्या देता ना वेळच्या वेळी? मी म्हटलं, रोज माझ्या हाताने देते. मग चादर बदलायला गादी उचलली, तर खाली सगळ्या गोळ्या!

भाऊ – गादीखाली?

बहीण – तोंडात धरून ठेवायची. माझी पाठ फिरली की काढून गादीखाली. एक बाजू लुळी पडलेली बाई, एका हाताने हे उद्योग करते आणि मला पत्ता नाही! आता विचार ना, कधीपासून.

भाऊ – कधीपासून?

बहीण – पाळकसाहेबांच्या चर्चमधल्या त्या उपदेशापासून.

भाऊ – माझ्या?

बहीण – नाही, शेजारच्या दुकानदाराच्या! काय तो तुझा ग्रीक शब्द?

भाऊ – सोझो. अगं, मी एवढंच सांगितलं की शुभवर्तमानात तारणं आणि बरं करणं या दोन्हींसाठी हा शब्द येतो. आपल्या भाषांतरात एके ठिकाणी ‘तारलं’ येतं, दुसऱ्या ठिकाणी ‘बरं केलं’. मुळात शब्द एकच. यात चूक काय आहे?

बहीण – आणि हे सगळं विश्वासानं होतं, हेही सांगितलंस.

भाऊ – लिहिलंच आहे तसं. मी पदरचं काही घातलेलं नाही.

बहीण – तेच तर! तुझं कधी काही चुकतच नाही. डोकं आपटावंसं वाटतं मला. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला यातलं काय ऐकू गेलं असेल? विश्वास असता तर उठली असतीस, एवढंच.

भाऊ – असा अर्थ होत नाही त्याचा.

बहीण – मग कसा होतो? ग्रीक राहू दे, मराठीत बघ. अर्धांगाच्या त्या झटक्यातून आई वाचली, असं आपणच सगळ्यांना सांगत होतो ना? वाचली. पण बरी झाली का? हे दोन शब्द वेगळे का आहेत, ते मला विचार. मधली सगळी वर्षं मी इथे काढली आहेत.

भाऊ – मी तिच्याशी बोलतो. समजावून सांगतो.

बहीण – आणखी समजावू नकोस, बाबा! तू समजावलंस म्हणून तर ती पडली.

आई – अरे, भिंत आहे की कागद आहे मध्ये? या आत दोघं.

(दोघं आत येतात. भाऊ पलंगाच्या कडेला बसतो.)

भाऊ – आई, असं का केलंस?

आई – मला वेड लागलेलं नाही. गोळी थांबवली की मी टुणकन उठून चालेन, असं काही मला वाटलं नव्हतं.

बहीण – मग काय वाटलं होतं?

आई – त्या दिवशी उपासना संपली. हा दाराशी लोकांना हात मिळवत होता. बायका माझ्याभोवती आल्या. ती पेटी वाजवते ना, ती म्हणाली, पाळकांच्या घरातच विश्वास कमी पडतो की काय. हसत म्हणाली, पण म्हणाली. मग मला रोजची गोळी घेताना वाटायला लागलं, आपण आपल्याच मुलाला खोटं पाडतोय.

भाऊ – माझ्यासाठी? आई, तुझ्याबद्दल मी एक शब्दही बोललो नव्हतो.

आई – बोलला नाहीस. पण उपदेशात ‘ऊठ’ म्हणालास तेव्हा बघितलंस कुठे?

बहीण – सांग की.

भाऊ – तिच्याकडे. मला वाटत होतं... एकदा तरी उठावी.

आई – मलाही वाटतं रे.

भाऊ – पुढच्या रविवारी मी नीट सांगतो सगळ्यांना. दुसरा एक शब्द आहे...

बहीण – झालं! आता दुसरा शब्द!

आई – सांगू दे गं. त्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

भाऊ – थेरापेऊओ. थेरपी हा शब्द त्यातूनच आला. येशू रोग्यांना बरं करतो, तिथे खूपदा हाच शब्द येतो. पण त्याचा जुना अर्थ सेवा करणं. जवळ राहून बघणं.

आई – बरं होईपर्यंत?

भाऊ – ‘होईपर्यंत’ असं काही त्या शब्दात नाही.

बहीण – माझ्याकडे बघू नका दोघं. रविवारी माझं उदाहरण दिलंस तर मी भर उपासनेतून उठून जाईन, सांगून ठेवते. मला शाबासकी नको. मला मंगळवार आणि शुक्रवार मोकळे हवेत. माझ्या खाड्यांवरून दुकानात मालक बोलून बोलून थकला.

भाऊ – मंगळवारी माझा अभ्यासवर्ग... बरं. येतो.

बहीण – ‘येतो’ म्हणजे नुसतं शेजारी बसून प्रार्थना नाही. भरवायचं, चालवायचं, अंघोळ...

आई – ए, मला विचाराल का कुणी? अंघोळ मुलाच्या हातची नको. त्यासाठी बाई लावा. बाकीचं करू दे त्याला.

बहीण – चल मग, आत्ताच शीक. तिला खिडकीशी बसायचंय. खुर्ची जवळ घे. चाकाला खटका लाव आधी! हं. आता बगलेत धरून ओढायचं नाही, खांदा निखळेल. तिला पुढे वाकव, तुझ्या अंगावर टेकू दे.

भाऊ – पडेल ना.

बहीण – नाही पडत. तुझा गुडघा तिच्या गुडघ्याला लाव.

आई – फार घट्ट धरलंयस रे.

भाऊ – हो.

आई – असू दे. सावकाश. मला कुठे घाई आहे.