चोरलेला चांगला पाय

आणि तुझं हेच मला कधी पटलं नाही, सुशांत. माणसानं एकदा दुखत नाही म्हटलं की विषय संपला. पण तू गुडघ्यावर हात ठेवून परत विचारणार, "दिग्या, खरं सांग." मी म्हणायचो, खरंच सांगतोय की. तू गालात हसून तिसऱ्यांदा विचारणार. चार महिने आपलं हेच भांडण. आता मी खरं सांगायला बसलोय, तर ऐकायला तू नाहीस. हे काय तू बरोबर केलं नाहीस.

माफ करा, मंडळी. सुरुवात नमस्कारानं करायची असती, पण हात लिहायला लागला तो त्याच्याशीच भांडायला लागला.

तालमीच्या पटांगणात जमलेल्या सगळ्यांना, आबा वस्तादांना, कॉलेजच्या मॅडमना, आणि सुशांतच्या आई-वडिलांना माझा नमस्कार. मी दिगंबर. तालमीत मला दिग्या म्हणायचे. मी इथं लांब, विशाखापट्टणमला, बंदराच्या गोडाऊनात फोर्कलिफ्ट चालवतो. हे वहीत लिहून पानांचे फोटो पाठवलेत. वाचतोय तो पप्या, माझा जोडीदार. पप्या, लिहिलंय तसंच वाच. माझी लाज राखायला म्हणून काही गाळू नको. आणि आवाज चढव जरा, मागच्या पोरांना ऐकू गेलं पाहिजे.

माझी शाळा आठवीत सुटली. शोकसभेत कसं बोलतात ते मला माहीत नाही. सुशांत किती चांगला होता ते बाकीचे सांगतील, आणि ते खरंच आहे. मला दुसरं सांगायचंय. दिग्याचा गुडघा सुशांतच्या हातनं गेला, असं तीन वर्षं या तालमीत बोललं जातंय. ते खोटं आहे. आणि ते खोटं माझं आहे.

नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून पहिल्यापासून सांगतो.

सुशांत फिजिओथेरपी शिकत होता. शेवटच्या वर्षाला त्यांना खेळाडूंच्यात पाठवतात, हातानं काम शिकायला. काही पोरं फुटबॉलच्या ग्राउंडवर गेली. हा आमच्या तालमीत आला. पांढरा कोट, खांद्याला बॅग, हातात थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ. आबा जोर मारणाऱ्या पोरांकडं बघत बसले होते. मान न वळवताच म्हणाले, "काय पावणं, दाढी करायला आलाय का सुई टोचायला?"

"शिकायला आलोय, वस्ताद."

"कुणाकडनं?"

"पोरांच्या गुडघ्याकडनं."

आबा हसले. आबा हसले म्हणजे काय, ते इथं बसलेल्यांना सांगायला नको. सुशांतनं चपला बाहेर काढल्या, कोट काढून खुंटीला लावला, कुस्तीच्या हौद्याची माती कपाळाला लावली, आणि कामाला लागला. आम्ही त्याचं नाव बर्फवाला ठेवलं. "ए बर्फवाल्या, लिंबू पिळून दे एक गोळा." तो पण म्हणायचा, "गोळा मिळंल, पण अंगठा बुडवून बसायचं वीस मिनिटं."

मी त्याची पहिली केस. माझ्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, व्यायामानं भरून येईल, पण घाई करायची नाही. म्हणजे बघा, मला घाई करू नको म्हणाले. तिसऱ्या दिवशी खाट सोडणारा माणूस मी.

चार महिने त्यानं माझा पाय सांभाळला. मांडीचा घेर टेपनं मोजायचा, वहीत लिहायचा. अर्ध्या इंचानं वाढला तर स्वतःचं लग्न ठरल्यासारखा खूश. टाच उचल, सोड. रबराचा पट्टा ओढ, सोड. मी कंटाळायचो, शिव्या द्यायचो. म्हणायचो, "आरं, मी पैलवान हाय का म्हातारी?" तो म्हणायचा, "म्हातारी बरी. सांगितलेलं ऐकती तरी." एकदा त्याची वही चोरून बघितली. माझ्या नावाखाली लिहिलं होतं, रुग्ण बोलतो फार, सांगतो कमी.

शेवटी एक परीक्षा असायची. एका पायावर उभं राहायचं, पुढं उडी मारायची, त्याच पायावर थांबायचं. टेपनं अंतर मोजायचं. आधी चांगला पाय, मग दुखरा. दुखरा पाय चांगल्याच्या बरोबरीला आला तरच कुस्तीला परवानगी. ही परीक्षा मॅडमच्या समोर घ्यायची, असा त्यांचा नियम. मॅडम येणार होत्या सोमवारी. आणि आमच्या गावच्या जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान होतं रविवारी. कागलपासनं हाकेच्या अंतरावर माझं गाव. हलगी वाजणार, सगळी भावकी बघायला येणार, आणि मी काठावर बसून शेंगा खाणार? मला ते सोसलं नाही.

मी त्याच्या मागं लागलो. आज घे परीक्षा. तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, "तू भितोस. तुला तुझ्याच कामावर भरवसा न्हाय." हे त्याला लागलं. गुरुवारी सकाळी त्यानं टेप काढला.

आता ऐका. हे आजपर्यंत मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

दुखरा पाय किती जाणार, ते मला माहीत होतं. फार जाणार नव्हता. मग मी चांगला पाय चोरला. उजव्या पायावर ठरवून आखूड उडी मारली. तोंड वाकडं केलं, जोर लावल्यासारखा आवाज काढला, आणि आखूड पडलो. तीनदा. मग डाव्या पायावर होतं नव्हतं ते सगळं लावलं. दात आवळून थांबलो. डोळ्यापुढं काजवे चमकले, पण हललो नाही. दोन्ही पाय बरोबरीला आले.

त्यानं विचारलं, "दुखलं?"

"न्हाय."

"दिग्या, खरं सांग."

"आईशप्पथ न्हाय."

त्यानं आकडे वहीत लिहिले, मॅडमना सोमवारी सांगतो म्हणाला, आणि मला रविवारच्या कुस्तीला सोडलं. दुखऱ्या पायाची लबाडी कशी पकडायची ते त्याला शिकवलं होतं. चांगला पाय पण लबाडी करतो, हे कुठल्या पुस्तकात असणार? ते मी शिकवलं.

रविवारी तिसऱ्या मिनिटाला मी समोरच्याचा पाय धरून पट काढायला घुसलो. डावा पाय मातीत रुतला. अंग फिरलं, गुडघा तिथंच राहिला. चार जणांनी उचलून कडेला आणलं. सुशांत बर्फाचा डबा घेऊन पळत आला. माझ्यासाठीच आला होता तो, सुट्टी असून. आबांनी विचारलं, "कुणी सोडलं तुला कुस्तीला?"

आबांचा नियम सगळ्यांना माहीत आहे. मैदानात हरलास तरी चालेल, मैदानाला फसवलंस तर तालमीची पायरी चढायची नाही. तो नियम माझ्या डोळ्यापुढं आला, आणि मी बोट केलं. म्हणालो, "सुशानं सोडलं. फिट हाईस म्हणाला."

सुशांतनं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या गुडघ्यावर बर्फ धरून बसला. पाणी त्याच्या कोपरावरनं गळत होतं, ते मला अजून दिसतंय.

जत्रेच्या कमिटीनं माझी कीव केली. इनाम अकरा हजार होतं, त्यातलं निम्मं माझ्या हातात दिलं. मी घेतलं.

सोमवारी मॅडम आल्या. मॅडम, तुम्ही मला विचारलंत, आठवत असेल. मी म्हणालो, "मी तर थांबतो म्हणत होतो." एक खोटं टिकवायला दुसरं. मॅडम नसताना परीक्षा घेतली म्हणून तुम्ही त्याचं इथलं ट्रेनिंग रद्द केलंत. सहा महिने परत करावं लागलं त्याला, बरोबरीच्या पोरांना डिग्री मिळाली तरी. तुमचं काही चुकलं नाही, मॅडम. तुम्हाला जे सांगितलं त्यावर तुम्ही निकाल दिलात.

आणि काका, तुम्ही. दुधाच्या टँकरची फेरी संपवून, वारणानगरहून दोन गाड्या बदलून तुम्ही माझ्या घरी आलात. पिशवीत डाळिंबं होती. माझ्या आईसमोर हात जोडलेत. "पोराची चूक पदरात घ्या" म्हणालात. मी खाटेवर पडून ऐकत होतो. तोंडात जीभ होती माझ्या. तुम्ही गेल्यावर मी ती डाळिंबं खाल्ली, काका. सगळी.

दोन महिन्यांनी सुशांतचा फोन आला. त्यानं त्या परीक्षेचा मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, वहीबरोबर जोडायला. तो परत परत बघितला म्हणाला. "दिग्या, उजव्या पायावर उडी मारताना तू हातच फेकले नाहीस, डाव्याला जोरात फेकलेस. चांगला पाय चोरलास तू."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग मीच चिडून विचारलं, "मग दाखव की मॅडमना. आबांना दाखव."

"आबा तुला तालमीतनं काढतील. गुडघा तर गेलाय, तालीम पण गेली तर तू कुठं जाशील?"

मी फोन ठेवला. महिन्याभरात तालीम सोडली. कागलच्या एमआयडीसीत थोडे दिवस, मग पुणे, मग हैदराबाद, आता इथं. ज्या तालमीसाठी त्यानं तोंड मिटून घेतलं, ती मी अशीच टाकून आलो. सांगा मंडळी, त्याचं गप्प बसणं कुणाच्या उपयोगी पडलं?

पप्या सांगतो की डिग्री झाल्यावर सुशांत दर रविवारी तालमीत यायचा. पहिले काही रविवार आबांनी त्याला आत घेतलं नाही. तो पायरीवर बसायचा, जाता-येता पोरांचे घोटे बघायचा. मग एक दिवस आबाच म्हणाले, "आत ये रं, ऊन लागतंय." आणि आत आल्यावर त्यानं काय केलं? धडधाकट पोरांच्या उड्या मोजल्या. एकूण एक पोराचे दोन्ही पाय, काही दुखत नसताना. वहीत लिहून ठेवले. पोरं हसली म्हणे, आम्हाला काय झालंय? मला मात्र ऐकल्याबरोबर कळलं. पुढं कुणाचा गुडघा गेला, तर त्याचा चांगला पाय आधीच मोजलेला असावा. कुणाला चोरता येऊ नये. त्यानं माझं नाव कुठं घेतलं नाही, फक्त वही केली.

आणि अशा माणसाची गाडी दिवेलागणीला घरी जाताना उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकली. ट्रॉलीला मागं लाल पट्टी नव्हती म्हणे. पोरानं उडी मारायच्या आधी फरशी ओली आहे का, ते हात फिरवून बघणारा तो. त्याच्यासाठी कुणाला एक पट्टी लावावीशी वाटली नाही.

अजून एक. सुट्टी मिळाली नाही म्हणून आलो नाही, असं मी पप्याला सांगितलंय. ते पण खोटं. मी सुट्टी मागितलीच नाही. काका-काकूंच्या समोर उभं राहायचा धीर झाला नाही. पुढच्या महिन्यात येतो. आबा, तुम्ही पायरी चढू देऊ नका. मी खालीच उभा राहतो. तालमीच्या भिंतीवर माझा ढाल घेतलेला फोटो आहे, तो आज उतरवा. काका, त्या दिवशी हात मी जोडायला पाहिजे होते. आज कागदावर जोडतो. तुमच्या पोराचं काही चुकलं नव्हतं. चुकलं असेल तर एवढंच, की त्यानं माझ्या शपथेवर विश्वास ठेवला.

आता सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहा. उभं राहताना सुशांत काय सांगायचा ते पोरांना आठवत असेल. एका पायावर रेलायचं नाही, दोन्ही पायांवर सारखा भार टाकायचा. तसं उभं राहा. बोलू नका.

झालं की पप्या, तुझा मोबाइल बघ. त्या कुस्तीचं निम्मं इनाम माझ्याकडं राहिलं होतं, ते पाठवलंय. हौद्याच्या बाहेर फरशीवर उड्या मोजायला रंगाचे पट्टे ओढून घ्या, आणि त्याच्या वहीत पुढची पानं जोडा. पाच हजार पाचशे रुपये.