कासारडोहातली बेडी

ऐका. शेकोटीत काटकी टाका अन् जवळ सरका.

यशवंता शेलार हवालदार आपल्याच गावचा. तेव्हा पोलिसाकडे असायचं काय? हाफ पँट, लाठी, गळ्यात शिट्टी अन् लोखंडाची जड बेडी. किसना म्हणून एक शेळीचोर होता, मिसरूडही न फुटलेला. त्याला तालुक्याला न्यायचं होतं. पळू नये म्हणून बेडीची एक कडी त्याच्या हातात, दुसरी हवालदारानं स्वतःच्या हातात घातली. कासारडोहात नाव उलटली. सापडले तेव्हा दोघं तसेच, मनगटाला मनगट. चोराच्या कडीत चावी मोडलेली होती. म्हणजे बघा, आधी पोराला सोडवत होता.

हवालदाराचा मुलगा भानुदास तेव्हा पाळण्यात. पुढे तोही पोलिसात लागला. कमरेला पिस्तूल अन् नव्या धर्तीची बेडी, हातात टॉर्च, खांद्याला वॉकीटॉकी.

एकदा जत्रेचा बंदोबस्त आटोपून निघाला. घरी आई तापानं फणफणलेली, म्हणून अंधारात डोहाची जवळची वाट धरली.

डोहापाशी टॉर्च विझला. बटण दाबतोय, दाबतोय, लागेचना. मग वॉकीटॉकी खरखरला. चौकीचा आवाज नाही हो. आत पाणी गुडगुडत होतं अन् त्या पाण्यातून शिट्टी वाजत होती. हा पळणार, तोच कमरेची बेडी आपसूक सुटली अन् मनगटात खट्‌कन बसली. दुसरं टोक पाण्यातून कुणीतरी ओढत होतं. गुडघ्याएवढं पाणी. मग छातीएवढं. पिस्तूल काढलं, पण झाडणार कुणावर?

समोर दोन हात वर आले. एक थोराड, एक पोरसवदा, एकाच बेडीत अडकलेले.

"चावी आहे का रे?"

भानुदासला कळलं. भीतीच गेली त्याची. आपली चावी काढून त्या गंजक्या कुलपाला लावली. बसेना. नव्या बेडीची चावी ती, जुन्या कुलपात कशी बसणार? फिरवून बघितली, रडत रडत बघितली.

"बाबा, लागत नाही."

"तू कुणाचा?"

"तुमचाच. भानू."

पाण्यातली ओढ थांबली. मग भानुदासच्या मनगटातली कडी गळून पडली अन् छातीवर हात टेकवून कुणीतरी त्याला काठाकडे ढकललं.

"आईला सांगू नको."

नाही सांगितलं त्यानं. ओढ्यात घसरलो म्हणाला. त्या तापात तिनं पदरानं त्याचं डोकं पुसलं. ती गेली तेव्हा तेराव्याला माझ्यापाशी बोलला, तोवर एकट्यानंच पोटात ठेवलं.

म्हणून सांगतो, दिवस मावळला की त्या वाटेला जाऊ नका. शिट्टी ऐकली की पाय आपोआप पाण्याकडे वळतात. अन् जाऊन करणार काय? भानुदासला जमलं नाही, तो तर हवालदाराच्या पोटचा होता.